साक्षीची बोअर

अर्जुना टेंगले चौथी नापास होते आणि माझ्याकडे दोन पदव्या आहेत, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे लाज लपवायला मला जागा उरणार नाही.

मी संयोगिता. मलकापुरात एका टायरच्या दुकानावर माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. शिक्षण भूगर्भशास्त्राचं. जमीन न खोदता, वरून मोजमापं घेऊन खाली काय आहे ते सांगायचं, हा माझा पंधरा वर्षांचा धंदा. त्यातली अकरा वर्षं अर्जुना माझ्या तुकडीत होते. मी त्यांना तात्या म्हणायचे. बाकीची पोरं आली आणि गेली, कुणी पुण्याला पळालं, कुणी फौजेत भरती झालं. तात्या तेवढे राहिले, आणि माझ्या फटकळ तोंडाला पुरून उरले.

ते जत तालुक्यातल्या एका वाडीवरचे धनगर. लहानपणी मेंढरांमागं हिंडले. मेंढरं गेली तसे विसाव्या वर्षी बोअरच्या गाडीवर चढले आणि सोळा वर्षं उतरले नाहीत. रायचूर, लिंगसूर, महबूबनगर, जिकडे पाण्याची बोंब तिकडे गाडी. तिकडचा खडक ग्रॅनाइट. आपल्या काळ्या दगडात गारगोटी जवळजवळ नसतेच, त्या दगडात ती ठासून भरलेली. हवेच्या दाबानं तो फोडायचा म्हणजे भोकातून पिठासारखी धूळ वर उसळते आणि गाडीवरची माणसं दिवसभर त्यात उभी. "सांजच्याला आमी समदी भुतावानी पांढरी दिसायचो, ताई. दात तेवढं वळखू यायचं," असं ते हसत सांगायचे. मीही हसायचे. गारगोटीची धूळ छातीत जाऊन काय करते ते मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते, आणि मी हसायचे! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आमच्या कामाला सामान थोडं लागतं. चार लोखंडी सळ्या, घण, तारेची रिळं, पेटीतलं मशीन आणि मिठाच्या पाण्याचा कॅन. सळ्या ठोकायच्या, जमिनीत वीज सोडायची आणि जमीन तिला किती अडवते ते मोजायचं. सळ्या लांब लांब नेत गेलं की खोलखोलचं कळत जातं. ते आकडे कम्प्युटरला दिले की तो थर मांडून देतो, इतके फूट माती, इतके फूट मुरूम, इथं ओल. कोरड्या रानात सळीला वीज धरत नाही म्हणून तात्या तिच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचे. एखादा आकडा विचित्र आला की मी तो खोडून पुढे निघायला बघायचे. ते घण खाली ठेवून सरळ बसून घ्यायचे.

"परत घ्या. जमीन खोटं बोलत न्हाई, आपलीच धांदल चाललीया."

नव्या गावात गेलं की आधी एखादी जुनी बोअर शोधावी लागते, जिच्या पोटात काय काय लागलं ते मालकाला फुटाफुटानं माहीत आहे. तिच्याशेजारी मोजणी करायची आणि त्यावरून गणित बसवायचं. तात्या तिला साक्षीची बोअर म्हणायचे. एकदा आटपाडीकडे एका सरपंचावर छाप पाडायची म्हणून मी त्याच बोअरवर गणित चालवून दाखवलं. फूट न् फूट जुळलं. सरपंच खूश, मी खूश. येताना जीपमध्ये कराड जवळ आलं तेव्हा तात्या म्हणाले, "ताई, पोराला उत्तर सांगायचं आन् मंग त्येच गणित परीक्षेत घालायचं, ह्यात पोराची हुशारी ती कसली? साक्षीच्या बोअरवर परीक्षा घ्यायची न्हाई."

मी चिडले. खरं बोललेलं मला पटकन झोंबतं. पण त्या दिवसापासून आमच्या तुकडीत तो कायदाच झाला.

खोकला कधी लागला ते त्यांनाही सांगता यायचं नाही. आधी घण दोनदा उचलून थांबायला लागले, मग कॅन उचलताना. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, छातीत डाग दिसले, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. थुंकी तपासली तर त्यात जंतू नव्हते. तरी गोळ्या चालूच. सहा महिने झाले, डाग तसेच. वर्षभरानं दुसऱ्या दवाखान्यात तेच डाग, पुन्हा तेच औषध. मग काम सुटलं आणि ते कुपवाडला मुलाकडे राहायला गेले. मुलगा सूरज तिथल्याच एका कारखान्यात मशीनवर होता. घर दोन खोल्यांचं, आणि मागं एक पत्र्याची खोली. ती तात्यांची झाली.

आता सूनबाईचं सांगते, आणि तिला कुणी नावं ठेवू नका. पूजाचा पाठचा भाऊ टीबीनं गेला, एकोणीस वर्षांचा होता. तिनं त्याचं रक्त पुसलं होतं. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकूनच पिणार. तात्यांचं ताट तिनं वेगळं केलं, तांब्या वेगळा केला. पण ताटात कधी शिळं वाढलं नाही. तात्यांचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. त्यांचा जीव अडकला होता नातीत.

सोनिया साडेतीन वर्षांची. बाळुत्यात होती तेव्हा आजोबांनी तिला मांडीवर घेतलं असेल तेवढंच. चालायला लागल्यापासून पूजानं तिला एकच गोष्ट पक्की शिकवली होती. आबाच्या उंबऱ्यापर्यंतच जायचं, आणि उंबऱ्याशी फ्रॉक वर ओढून नाकतोंड झाकायचं. पोर तसंच करायची. फ्रॉक नाकापर्यंत वर, पोट उघडं, आणि काळेभोर डोळे आबावर. तात्या आतून तोंडानं मेंढराचा आवाज काढायचे. ती फ्रॉकच्या आत हसायची, पण पाऊल आत पडायचं नाही.

"जगायची लय हाव न्हाई मला," तात्या मला म्हणाले. "पर पोरगी येकदा मांडीवर बसली पायजे, ताई. तेवढं झालं की मी मोकळा."

त्याच सुमाराला मी नवं काम धरलं होतं. एका ट्रस्टची एक्स-रेची व्हॅन कुपवाडच्या कारखान्यांत आणि जत-आटपाडीच्या गावांत फिरायची. छातीचे फोटो ढिगानं निघत, ते बघायला डॉक्टर मिळत नव्हता. कम्प्युटरनंच फोटो बघून टीबीची शंका सांगावी असं त्यांना हवं होतं. एका ओळखीच्या प्राध्यापकानं माझं नाव सुचवलं. म्हणाला, जमीन न खोदता आतलं सांगतेस, तसं छाती न फाडता सांग, गणिताची जात एकच. मला अशी काही फुशारकी चढली की विचारू नका.

कम्प्युटरला शिकवायचं म्हणजे फार गूढ काही नसतं. लेकराला चित्रं दाखवून ही गाय, ही म्हैस सांगतात, तसंच. अकराशे एक्स-रे दाखवायचे आणि प्रत्येकाबरोबर सांगायचं, हा टीबी, हा निरोगी. ते आम्ही ट्रस्टनं दिलेल्या कागदांवरून सांगितलं. कागदावर आजार होता, वय होतं आणि 'काम' असा एक रकाना होता. तो निम्मा रिकामा आणि निम्म्यात गिचमिड. फौंड्री, खडी क्रशर, बोअर गाडी, असलं काहीबाही. मला अर्धवट रकान्यांचा राग येतो. मी तो एका झटक्यात काढून टाकला. नियमाप्रमाणे नावंही पुसली, नुसते नंबर ठेवले.

त्या व्हॅनमध्ये तात्यांना मीच दंडाला धरून चढवलं होतं. त्यांचा फोटो त्याच ढिगात गेला. हे माझ्या डोक्यातून साफ उतरलं.

शिकवून झालं, मशीन चाललं, ट्रस्टचे लोक खूश झाले. तात्यांना मी कौतुकानं सांगितलं. ते बराच वेळ खोकले आणि मग म्हणाले, "मंग माझं इचारा की त्येला. डाक्टर घाईत अस्तोय, सून भ्यालेली हाय. मशीनला माझं ना सुतक ना सोयर. त्ये न्हाई म्हनलं तर पूजा ऐकंल."

रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन कुपवाडला गेले. पुढच्या खोलीत स्टुलावर लॅपटॉप ठेवला. सूरज भिंतीला टेकून उभा, पूजा स्वयंपाकाच्या ओट्याशी, सोनिया तिच्या पदराआड. मधलं दार उघडं ठेवलं होतं, म्हणजे तात्यांना त्यांच्या खाटेवरून ऐकू यावं. व्हॅनच्या चिठ्ठीवरच्या नंबरानं मी फोटो उघडला आणि मशीनला दिला. क्षणभर चक्र फिरलं. टीबी, सत्त्याण्णव टक्के.

मी ते मोठ्यानं वाचलं. का वाचलं, देवाला ठाऊक. गप्प बसता आलं असतं.

"आता तरी पटलं ना समद्यास्नी?" पूजा म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, नुसती दमणूक होती. "दोनदा डाक्टर बोललं, आता मशीन बोललं."

आतून तात्या म्हणाले, "बरं." एवढंच. दुसऱ्या दिवशी सूरजनं त्यांच्या दाराला गुडघ्याएवढी फळी आडवी ठोकली, पोरगी चुकून आत जाऊ नये म्हणून. आता ती उंबऱ्यापर्यंतही यायची नाही. लांबून, ओट्यापासून बघायची.

दोन महिने मी तिकडं फिरकले नाही. कामं होती असं सांगते सगळ्यांना. कामं कसली डोंबलाची, तोंड दाखवायची हिंमत नव्हती. गेले तेव्हा तात्या खाटेवर भिंतीला पाठ लावून बसलेले. झोपलं की दम लागायचा. बरगड्या मोजून घ्याव्यात असं अंग झालं होतं. मला बघून हसले, फळी ओलांडून आत या अशी खूण केली. श्वासाला थांबत थांबत बोलत होते.

"ताई, येक इचारू का? राग मानू नगा."

"बोला की तात्या."

"तुमी मशीनला शिकिवलं, त्या ढिगात माझा फोटू व्हता का?"

"का हो?" मी विचारलं.

"म्हंजे असं की," ते म्हणाले, "शिकिवताना माझाच फोटू दावला, ह्यो टीबी म्हनून सांगितलं, आन् मंग परत माझाच फोटू दावून इचारलं ह्यो काय, तर त्ये दुसरं काय सांगंल? ती साक्षीची बोअर झाली की वो."

लॅपटॉप गाडीत होता. जाऊन आणला, यादी उघडली. चारशे बारावा नंबर, चिठ्ठीवरचाच. पुढे टीबी असं लिहिलेलं, माझ्याच हातानं. सत्त्याण्णव टक्के म्हणजे मशीननं माझंच वाक्य मला वाचून दाखवलं होतं, आणि ते ऐकून त्या घरात फळी ठोकली गेली. मला रडू आलं ते दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त. चौथी नापास माणूस दोन महिने एकटा पडून विचार करून जिथं पोचला, तिथं मी दोन पदव्या घेऊन पोचले नव्हते.

"चुकलं माझं, तात्या."

"चुकायचंच," ते म्हणाले. "परत घ्या."

परत घेतलं. त्यांचा फोटो ढिगातून काढला, मशीनला पहिल्यापासून शिकवलं आणि मग त्यांचा फोटो दिला. एक्क्याण्णव टक्के टीबी. मी चक्रावले. मग तो काढून टाकलेला रकाना कचऱ्यातून परत आणला आणि ओळीनं वाचायला बसले. फौंड्री, टीबी. क्रशर, टीबी. बोअर गाडी, टीबी. फौंड्री, टीबी, थुंकीत जंतू नाहीत. दोनशेच्या वर माणसं अशी निघाली. छातीत डाग दिसला की टीबी लिहायचा, कारण त्याचं औषध हाताशी असतं. माणूस काय काम करत होता ते कुणी विचारलं नाही. जिथं लिहिलं होतं तिथं मी पुसलं. रानात गेले तर माती कोरडी होती की ओली हे लिहिल्याशिवाय मी एक आकडा वहीत घेत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र घेतले, अकराशे.

मिरजेला छातीचे एक म्हातारे डॉक्टर आहेत. सूरजला सांगून आम्ही तात्यांना गाडीत उशांवर टेकवून तिकडे नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "काम काय करत होता?"

"बोअरच्या गाडीवं व्हतो. सोळा वरीस."

"कुठला दगड?"

त्याचं उत्तर मी दिलं. डॉक्टरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. पुन्हा थुंकी तपासली, सीटी स्कॅन काढला, आणि आठवड्यानं कागद हातात दिला. दोन्ही फुप्फुसांत वरच्या भागात सारखे बारीक दाणे. गारगोटीच्या धुळीचा आजार, सिलिकोसिस. टीबी नाही. "हा कुणाला लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "ताटातून नाही, श्वासातून नाही. पण बराही होत नाही. उशीरही फार झालाय." तात्यांनी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं त्यांना ऐकायचंच नव्हतं. गाडीत सारखे विचारत होते, कागदावर न्हाई लागत म्हणून लिवलंय नव्हं? मी वाचून दाखवत होते.

पूजानं कागद दोनदा वाचला, मग मला वाचायला लावला. मग आत गेली, सासऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. "आवं आबा, मला काय म्हाईत वो! माझा भाऊ..." तात्या तिच्या डोक्यावर हात ठेवून "उठ गं, उठ," म्हणत होते. सूरजनं पक्कड आणून खिळे उपसले, फळी निघाली. त्या दिवशी पूजानं तात्यांचं जेवण घरच्या ताटात वाढलं.

मग तिनं सोनियाला हाक मारली. "सोनू, जा आबाकडं. बस मांडीवर."

पोर उंबऱ्याशी आली. थांबली. फ्रॉक वर ओढून नाकतोंड झाकलं.

"आगं, आता काय न्हाई करायचं तसं. आबा बरा हाय. जा."

पोरीनं मान हलवली. पूजानं फ्रॉक खाली ओढला, तिनं परत वर घेतला. सूरजनं उचलून आत नेलं तर ती अशी किंचाळली, हातपाय झाडले, की तात्याच घाबरले. "सोड, सोड तिला! भिवू नगं गं बाळ, जा, जा तिकडं." खाली ठेवल्याबरोबर ती पळाली आणि ओट्याखाली जाऊन बसली.

रोज प्रयत्न झाला. पूजा स्वतः सासऱ्याजवळ खाटेवर बसून दाखवायची, त्यांच्या तांब्यानं पाणी पिऊन दाखवायची. तात्या मेंढराचा आवाज काढायला बघायचे, पण आता त्याला श्वास पुरत नव्हता, नुसता खोकला यायचा. खोकला आला की फ्रॉक अजून वर. मी खेळणी नेली, बिस्किटं नेली. पोर माझ्या हातातून घ्यायची. आबांच्या हातातलं घ्यायची नाही.

मी एकदा चिडून तिच्यावर ओरडले. तात्यांनी मला थांबवलं.

"तिला कशाला बोलताय, ताई? तिला जे दावलं त्येच ती शिकली."

"पण आता कागद आलाय ना, तात्या!"

"कागद तुमच्यासाठनं. तिला कुठं वाचता येतंय?" मग बराच वेळ दम घेऊन म्हणाले, "यील. परत घ्या म्हनावं पूजाला. रोज घ्या."

माझं मशीन मी एका दिवसात नव्यानं शिकवलं. रकाना परत घातला, चुकीचे दोनशे कागद बाजूला काढले, आणि ट्रस्टला लेखी कळवलं की जुनं वापरू नका, धुळीची माणसं त्यात टीबीची ठरतायत. उत्तर आलं की व्हॅनमध्ये बसवून झालंय, अहवालही वर गेलाय, पुढच्या वर्षी बदलू. मी तिथं जाऊन भांडले, तोंडाला येईल ते बोलले. चहा पाजून मला परत पाठवलं. व्हॅन अजून फिरते. परवा कुपवाडच्या एका फौंड्रीसमोर उभी होती आणि पोरं रांगेत शर्टाची बटणं काढत होती.

कागद आल्यापासून एकोणिसाव्या दिवशी तात्या गेले. सकाळची वेळ होती, ऊन दारातून आत आलेलं. पूजानं चहा नेला तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेलेच होते, तोंड दाराकडे. मांडी घातलेली. झोपवायचं म्हणून उचललं तर ती मांडी सुटेना. सूरजला ते जमेना, शेजाऱ्यांनी केलं.

तेराव्याला मी गेले. पुढच्या खोलीत पाटावर त्यांचा फोटो ठेवला होता, आमच्याच तुकडीतला, खांद्यावर घण घेतलेला. लोक एकेक करून फूल वाहत होते. पूजानं सोनियाच्या हातात झेंडूचं फूल दिलं आणि म्हणाली, "जा, आबाला घाल."

पोर सरळ फोटोपाशी गेली. फूल वाहिलं. मग दोन पावलं मागं सरली, फ्रॉक नाकापर्यंत वर ओढला आणि तशीच आबाकडं बघत उभी राहिली.